उत्तर यंत्राचे, ताळा विद्यार्थ्याचा
(तंत्रस्नेही विद्यार्थी आणि वर्गातील नवी कौशल्ये या विषयावरील व्याख्यान)

खानदेशातील व्यापारी घराण्यातल्या मुलाचे शिक्षण एके काळी दोन ठिकाणी होत असे. दिवसा शाळेत आणि सायंकाळी पेढीवर. शाळेत तो अक्षरे गिरवी, पाढे म्हणे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी मुखोद्गत करी. पेढीवर गादीच्या कडेला बसून रोजकीर्द कशी लिहितात, तीवरून खतावणी कशी करतात, हे तो पाहत असे. दिवसभराची जमा आणि नावे यांची बेरीज झाली की पेटीतील रोकड मोजली जाई. वही आणि पेटी जुळली नाही, तर फरक एका रुपयाचा असला तरी चूक सापडेपर्यंत कोणी गादीवरून उठत नसे. या शिस्तीला मराठीत एक छोटासा शब्द आहे, तो म्हणजे ‘ताळा’. उत्तर काढणे हे अर्धे गणित होय. त्या उत्तराचा ताळा पाहणे हे उरलेले अर्धे.

आज त्याच घरातील नातवाच्या हाती मोबाईल आहे. दुकानातील क्यूआर कोडवर पैसे आले की नाहीत हे तो आजोबांच्या आधी सांगतो. आईला रेल्वेचे तिकीट काढून देतो, आजीला प्रवचनाची चित्रफीत लावून देतो. घरातील मोठी माणसे कौतुकाने म्हणतात, “आमच्या मुलाला सगळे येते.” शाळेतील शिक्षकही कधी कधी संकोचतात; ज्या यंत्रात विद्यार्थी आपल्यापेक्षा चपळ आहे, ते त्याला शिकवायचे तरी काय? आजच्या विषयाचे मर्म या प्रश्नातच आहे. यंत्र उत्तर देते, पण त्या उत्तराचा ताळा पाहण्याची सवय ते लावीत नाही. ती सवय लावणे हे वर्गाचे काम आहे, आणि तंत्रस्नेही विद्यार्थ्याला शिकविण्याजोगे पहिले आधुनिक कौशल्यही तेच आहे.

यंत्र चालविणे आणि यंत्राकडून काम घेणे

मुले यंत्र चालवायला आपली आपण शिकतात, याचा पुरावा जुना आहे. जानेवारी १९९९ मध्ये डॉ. सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसविला आणि शेजारच्या झोपडपट्टीतील मुलांसाठी तो खुला ठेवला. शिकविणारा कोणी नव्हता. तरीही एकमेकांना दाखवीत, चुकत-माकत ती मुले संगणक हाताळू लागली. हा प्रयोग जगभर गाजला. त्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. कोणते बटण कुठे आहे हे दाखविण्यात वर्गाचा बहुमोल वेळ घालविण्याची फारशी गरज नाही. मुले ते एकमेकांकडून शिकून घेतील.

मात्र यंत्र हाती दिले की शिक्षण आपोआप घडते, असे समजणे ही फसगत ठरते. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या कल्पनेने लाखो लॅपटॉप विद्यार्थ्यांना वाटले. २०१२ मध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्रांचा वापर वाढला होता, परंतु गणित आणि भाषा या विषयांतील प्रगतीत फरक आढळला नाही. याच कल्पनेचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेतही २००७ मध्ये झाला होता. यंत्र हे साधन आहे. त्याने कोणते काम करायचे हे ठरविणारा कोणीतरी लागतो.

आपल्या देशातील चित्र ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालांतून दिसते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागील आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी केल्याचे ७६ टक्क्यांनी. त्याआधीच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या युवकांना व्यवहारातील गणिते घातली होती. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. ज्यांना किमान वजाबाकी येत होती, त्यांच्यापैकीही कर्जाची परतफेड किती होईल हे अचूक सांगणारे केवळ दहा टक्क्यांच्या आसपास निघाले.

व्यापारी समाजाने या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. ज्या पिढीला हप्त्याने वस्तू घेणे एका बोटाचे काम झाले आहे, त्या पिढीला हप्त्याचा हिशेब येत नाही. यात धोका आहे, आणि तो कोणा एका समाजापुरता मर्यादित नाही.

परितेवाडीचा धडा

साधनाला काम कसे नेमून द्यावे, याचे उदाहरण महाराष्ट्रातीलच एका जिल्हा परिषद शाळेने घालून दिले आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी हे ते गाव. श्री. रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक २००९ मध्ये तेथे रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत, अशी अडचण होती. डिसले गुरुजी आधी ती भाषा शिकले. मग मुलांना समजतील असे पाठ त्यांनी तयार केले आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवून त्यांतून कविता, गोष्टी, चित्रफिती आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचविले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊ केला.

या कार्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम मूल, नंतर त्याची अडचण, नंतर त्या अडचणीवरचा पाठ आणि सर्वांत शेवटी तंत्र. ज्या शाळा हा क्रम उलटवितात, तेथे पहिल्या वर्षी फलक लागतो आणि दुसऱ्या वर्षी यंत्रावर धूळ बसते.

सातपुड्याच्या पायथ्याशी

नंदुरबार जिल्ह्याला हा धडा विशेष लागू पडतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील साक्षरता ६४ टक्के होती. त्या वेळी राज्याचे प्रमाण ८२ टक्के होते. लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के बांधव आदिवासी समाजाचे आहेत. नंदुरबार किंवा शहादा येथील एकाच वर्गात घरी गुजराती, अहिराणी, गुजरी, मावची, भिली, पावरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात आणि पाठ मात्र मराठीत किंवा इंग्रजीत असतो.

याच जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक एका आदिवासी भगिनीच्या हाती देण्यात आला. एका अर्थाने देशाच्या अंकीय युगाचा उंबरठा नंदुरबार जिल्ह्यातून ओलांडला गेला. परंतु मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सातपुड्यातील कित्येक पाड्यांवर मोबाईलचे जाळे पोहोचत नव्हते आणि कित्येक घरांत स्मार्टफोन नव्हता. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम चालली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तरीही जेथे यापैकी काहीच पोहोचत नव्हते, तेथे पाड्यावर जाऊन झाडाखाली मुले गोळा करणारा शिक्षक हेच एकमेव माध्यम उरले. यास्तव, एका वर्गातील सर्व विद्यार्थी तंत्रस्नेही आहेत असे गृहीत धरू नये. एका बाकावर स्वतःचा मोबाईल असलेला मुलगा असतो आणि शेजारी घरातील एकुलता एक मोबाईल वडिलांबरोबर शेतात गेलेला असतो.

म्हणून वर्गात चौघांत एक यंत्र ही व्यवस्था अधिक हिताची ठरते. एकाने यंत्र हाताळावे, दुसऱ्याने वहीत नोंद करावी, तिसऱ्याने पुस्तकाशी पडताळावे आणि चौथ्याने ते वर्गासमोर सांगावे. दुसऱ्या दिवशी कामे बदलावीत. यात खर्च वाचतो, कोणी मागे राहत नाही आणि एकट्याने पडद्यात डोके खुपसून बसण्याची सवयही लागत नाही.

चार प्रकारचे ताळे

आता प्रत्यक्ष वर्गात काय करावे, हे चार उदाहरणांनी पाहू.

पहिला, संख्येचा ताळा. आठवी-नववीच्या वर्गात शिक्षकांनी एक जाहिरात मांडावी. मोबाईलची किंमत १२,००० रुपये, दरमहा १,००० रुपयांचे बारा हप्ते, व्याज शून्य, प्रक्रिया शुल्क ३०० रुपये. तोच मोबाईल रोखीने ११,४०० रुपयांना मिळतो. शून्य व्याज खरे आहे काय? मुले वहीत मांडतील. हप्त्याने एकूण १२,३०० रुपये जातात, म्हणजे ९०० रुपये अधिक. पण दरमहा हप्ता फिटत असल्याने वर्षभर सरासरीने जवळजवळ निम्मीच रक्कम वापरायला मिळते. तेव्हा वार्षिक दर पंधरा टक्क्यांच्या जवळपास भरतो. हेच गणित मग संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये मांडावे आणि शुल्क, हप्ते, किंमत बदलून पाहावे. हाताने केलेले आणि यंत्राने केलेले उत्तर जुळले, की मुलाला सूत्र कळले असे समजावे. नुसते यंत्राचे उत्तर उतरवून घेणाऱ्याला ते कळलेले नसते.

दुसरा, माहितीचा ताळा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून निबंध, पत्र, उत्तर, सारे काही क्षणात लिहून मिळू लागले. ही यंत्रे मराठीतही सफाईने लिहितात. मात्र चुकीची गोष्टही ती तितक्याच सफाईने लिहितात, आणि भाषेवरून चूक ओळखू येत नाही. त्यावर बंदी घालून शिक्षकाला सुटका नाही. मूल घरी जाऊन तेच करील. त्याऐवजी वर्गातच यंत्राला विचारावे: नंदुरबारमध्ये ९ सप्टेंबर १९४२ रोजी काय घडले? आलेले उत्तर छापून मुलांच्या हाती द्यावे. मग त्यांना बाल हुतात्मा शिरीषकुमार मेहता आणि त्यांच्यासह हौतात्म्य पत्करलेल्या चार सहकाऱ्यांच्या स्मारकापाशी न्यावे. नावे, वय, तारीख, प्रसंग यांपैकी काय जुळते आणि काय जुळत नाही, याची दोन रकान्यांत नोंद करावी. वाचनालयातील पुस्तके पाहावीत, वयोवृद्धांना विचारावे. शाळकरी वयाची ती मुले तिरंगा घेऊन रस्त्यावर उतरली होती. त्यांच्या गावच्या आजच्या मुलांना त्यांची नावे यंत्राला विचारावी लागू नयेत, हा या पाठाचा आणखी एक लाभ.

तिसरा, निरीक्षणाचा ताळा. नंदुरबारच्या मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. हंगामात मिरचीच्या पथारींवर लाल गालिचे अंथरल्यासारखे दिसतात. सहावी-सातवीच्या मुलांनी एक किलो ओली मिरची घेऊन ती वाळेपर्यंत रोज तिचे वजन करावे, छायाचित्र घ्यावे, तापमान लिहावे. बाजार समितीतील रोजचा भाव महिनाभर नोंदवून त्याचा आलेख काढावा. आणि मग एखाद्या व्यापाऱ्याला, एखाद्या शेतकऱ्याला आणि पथारीवर काम करणाऱ्या एखाद्या भगिनीला विचारावे की भाव चढला तो का आणि उतरला तो का. मुलाखत मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावी आणि नंतर देवनागरीत टंकलिखित करावी. आजची मुले मराठी संदेश रोमन लिपीत लिहितात. देवनागरी कळफलक हे त्यांना शिकविण्याजोगे कौशल्य आहे. पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या भगिनीची मुलाखत घेताना त्या भाषेचा विद्यार्थी गटाचा दुभाषी होतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल त्या दिवशी सर्वांना हवेसे वाटते.

चौथा, व्यवहाराचा ताळा. पैसे मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. तो पैसे देताना लागतो. पोलीस किंवा कोणतेही न्यायालय चित्रफितीच्या कॉलवरून कोणाला अटक करीत नाही. ‘डिजिटल अटक’ असे काही कायद्यात नाही. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. या तीन गोष्टी सातवीच्या मुलाने घरी जाऊन आजी-आजोबांना समजावून द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काय विचारले ते वर्गात सांगावे. त्याचबरोबर दुसऱ्याचे छायाचित्र विचारल्याविना पुढे पाठवू नये, कोणाची टवाळी करणारा संदेश आपल्यापाशीच थांबवावा, हेही शिकवावे. शब्दाने होणारी इजा पडद्याआडून झाली म्हणून कमी होत नाही.

बंदी की वापर?

पालकांच्या मनात एक शंका असते, आणि ती रास्त आहे. मोबाईलने मुलांचे लक्ष विचलित होते, झोप कमी होते. मग शाळेने पुन्हा तेच हाती का द्यावे? युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने हाच इशारा दिला आहे की, तंत्रज्ञान शिकणाऱ्याच्या हिताचे असेल तेथेच ते वापरावे. स्वीडनसारख्या प्रगत देशाने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे परत वळण्यासाठी निधी दिला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली.

या सर्वांतून वर्गाने घ्यावयाचा अर्थ सरळ आहे. मुलाच्या खिशातील मोबाईल आणि शिक्षकाने पाठासाठी टेबलावर ठेवलेले यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला शाळेच्या वेळेत बंद असावा. दुसरे ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या वेळेपुरते बाहेर यावे आणि काम संपले की कपाटात जावे. पाचवीच्या आतील मुलांना तर वाचन, लेखन, पाढे आणि मैदान यांतच अधिक रमू द्यावे. ज्याला पाढे येतात तोच यंत्राच्या उत्तरावर शंका घेऊ शकतो.

शिक्षक आणि समाज

या सर्वांत शिक्षकाने विद्यार्थ्यापेक्षा अधिक चपळ असण्याची आवश्यकता नाही. ‘हे तुला येते, तर मला दाखव, पण हे खरे कशावरून, ते तू मला सांग,’ एवढे म्हणण्याचा मोकळेपणा त्याच्यापाशी हवा. यंत्राविषयी विद्यार्थ्याकडून शिकणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होत नाही; प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकार उलट वाढतो.

समाजाच्या दातृत्वालाही येथे वाव आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने गरीब मुलांसाठी शिक्षणाचे दार उघडले. कौशल्य हाताने काम केल्याविना येत नाही आणि ते एका जातीच्या अंगणात कोंडून ठेवायचे नसते, या दोन्ही गोष्टी त्यांनी आचरून दाखविल्या. आज देणगीदार शाळेला संगणक देतात आणि कोनशिलेवर नाव येते. त्या देणगीत पाच वर्षांच्या देखभालीची, इंटरनेटची आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची रक्कमही धरली, तर ते दान पूर्ण होईल. सायंकाळी दोन तास ती खोली पाड्यावरून वसतिगृहात राहायला आलेल्या मुलांसाठीही उघडी राहावी.

आणि ज्यांच्यापाशी देण्यास पैसा नाही, त्यांच्यापाशीही काही आहे. आयुष्यभर ज्यांनी पेढीवर जमाखर्च लिहिला, असे कितीतरी ज्येष्ठ आज घरी बसून आहेत. महिन्यातून एक तास त्यांनी वर्गात यावे, जुनी रोजकीर्द उघडावी आणि मुलांना विचारावे, “ही शिल्लक जुळते का, पाहा बरे!” मुलांनी ती नोंद संगणकावर उतरवावी. आजोबांचा ताळा आणि नातवाचे यंत्र एका बाकावर बसले, तर जुने आणि नवे यांचा वाद घालण्याचे कारणच उरणार नाही.

येत्या शैक्षणिक वर्षात जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने वर सांगितलेल्या चार पाठांपैकी निदान एक पाठ घ्यावा, आणि विश्वस्तांनी वर्षअखेरीस किती यंत्रे दिली हे न विचारता किती मुलांना ताळा घालता येऊ लागला हे विचारावे, एवढी नम्र अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते.